निर्माते भालजी पेंढारकर आणि जयप्रभाचा संसार

मराठी चित्रपटाचा इतिहास बहुतेक वेळा दिग्दर्शकांच्या आणि नटनट्यांच्या नावांनी सांगितला जातो. ज्याने पैसा उभा केला, माणसे जमवली, जागा धरून ठेवली आणि चित्रपट पडल्यावर सावकाराला तोंड दिले, तो निर्माता या इतिहासात क्वचितच पुढे येतो. भालचंद्र गोपाळ तथा भालजी पेंढारकर यांच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते, कारण त्यांची ओळख 'ऐतिहासिक चित्रपटांचे दिग्दर्शक' एवढ्या चौकटीत बसवली गेली आणि थोरले बंधू बाबूराव पेंढारकर यांचे नाव निघाले की 'थोर नट' एवढे म्हणून विषय संपवला गेला. या दोघा बंधूंच्या कारकिर्दी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तर वेगळेच चित्र दिसते. बाबूराव नट म्हणून गाजले खरे, पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी चित्रपटसंस्था उभारण्यात घालवला, आणि भालजींचे सर्वांत मोठे काम कोणत्याही एका चित्रपटात नसून कोल्हापुरात एक स्टुडिओ अनेक दशके चालता ठेवण्यात होते. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

निर्माता म्हणजे केवळ भांडवल घालणारा नव्हे, हे त्या काळाच्या संदर्भात स्पष्ट करणे आवश्यक आहे. 1930 ते 1950 या काळात मराठी चित्रपट 'स्टुडिओ पद्धती'ने तयार होत असे. एकाच आवारात चित्रीकरणाचे मंडप, ध्वनिमुद्रणाची सोय, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, सुतारकाम व रंगकामाचे विभाग आणि कपडेपटाचे कोठार असे, आणि नटांपासून सुतारापर्यंत सर्वजण मासिक पगारावर असत. चित्रपट तयार होत नसला तरी पगार थांबत नसे. प्रदर्शनाचे हक्क घेणारा वितरक काही रक्कम आगाऊ देई, पण ती पुरी पडेलच असे नसे. उरलेली रक्कम व्याजाने काढावी लागे आणि एक चित्रपट पडला की पुढच्या चित्रपटाच्या उत्पन्नावर मागच्याचे व्याज चढे. म्हणजे निर्मात्याला एकाच वेळी कारखानदार, पेढीवाला आणि कुटुंबप्रमुख अशा तिन्ही नात्यांनी वागावे लागे. यांपैकी तिसरे नाते भालजींनी सर्वांत मनापासून निभावले आणि पहिल्या दोहोंत त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, असे त्यांच्या कारकिर्दीचे थोडक्यात वर्णन करता येईल.

दोघेही बंधू कोल्हापूरचे. बाबूराव 1896 साली जन्मले आणि भालजी त्यांच्याहून वर्षा-दोन वर्षांनी धाकटे. व्ही. शांताराम हे त्यांचे मावसभाऊ. चित्रकार बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू केली, तिच्या व्यवस्थापनात बाबूराव पेंढारकर होते, आणि त्यांच्याच ओळखीने 1920 च्या सुमारास शांताराम नावाचा तरुण त्या कंपनीत शिरला. मराठी चित्रपटाच्या पुढील पन्नास वर्षांवर या एका शिफारशीचा केवढा परिणाम झाला, हे वेगळे सांगायला नको. पुढे 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तेव्हा बाबूराव तिच्याही व्यवस्थापनात आले आणि तिच्या बोलपटांतही त्यांनी भूमिका केल्या. 'अयोध्येचा राजा' या 1932 सालच्या बोलपटात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती होत्या, तर गंगानाथाची खलभूमिका बाबूरावांची होती. रंगभूमीवरील खलनायक आवाज चढवून बोलत असे आणि बाबूरावांनी कॅमेऱ्यापुढे नेमके उलटे केले. डोळे स्थिर ठेवून, शब्द सावकाश टाकून त्यांनी दुष्टपणाला एक सभ्य चेहरा दिला. बोलपटाला लागणाऱ्या अभिनयाचे ते मराठीतील अगदी आरंभीचे आणि पक्के उदाहरण मानले पाहिजे.

याच वर्षी धाकटे बंधू दिग्दर्शक म्हणून स्थिरावले, आणि त्यामागे कोकणातला एक माणूस उभा होता. मालवण तालुक्यातील सुकळवाडचे रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांनी 1912 मध्ये 'श्री पुंडलिक' हे नाटक चित्रित करून पडद्यावर आणले होते. बोलपटांच्या आरंभी त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन ही संस्था काढली आणि तिच्या 'श्यामसुंदर' या चित्रपटाचे दिग्दर्शन भालजींकडे सोपवले. शाहू मोडक आणि शांता आपटे या कोवळ्या वयाच्या कलावंतांना घेऊन केलेला हा चित्रपट मुंबईत रौप्यमहोत्सवी ठरला, म्हणजे एकाच चित्रपटगृहात त्याने सलग पंचवीस आठवडे काढले. त्याआधी मूकपटांच्या काळात भालजींनी 'वंदे मातरम आश्रम' हा सरकारी शिक्षणपद्धतीवर टीका करणारा चित्रपट काढला होता आणि परीक्षण मंडळाच्या कात्रीचा जाच सोसला होता. तरुणपणी आपला विचार मांडायला गेले तर अधिकाऱ्यांनी अडवले आणि व्यवसायाच्या सांगण्यावरून कृष्णकथा केली तर प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. हा धडा एखाद्या हिशेबी माणसाने आयुष्यभर लक्षात ठेवला असता, पण भालजींनी तो तेवढ्यापुरताच मानला आणि पुढे पुन्हा पुन्हा मनाला पटलेल्या विषयांवरच पैसा लावला.

1933 मध्ये प्रभातने पुण्याला स्थलांतर केले आणि कोल्हापूरची चित्रपटसृष्टी उघडी पडली. राजघराण्याच्या आश्रयाने तेथे कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली आणि तिची धुरा बाबूरावांकडे आली. तिचा 'आकाशवाणी' हा 1934 सालचा चित्रपट भालजींनी दिग्दर्शित केला. थोरल्याने संस्था चालवावी आणि धाकट्याने चित्रपट करावा अशी ती वाटणी होती. पुढच्याच वर्षी 'विलासी ईश्वर' आला. त्याची कथा चिपळूणच्या मामा वरेरकरांची, दिग्दर्शनाचा पहिला प्रयत्न मास्टर विनायकांचा आणि नायिका म्हणून पदार्पण शोभना समर्थांचे. 1936 मध्ये बाबूराव, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली आणि तिच्या पहिल्याच चित्रपटासाठी, 'छाया'साठी, वि. स. खांडेकरांकडे कथा मागितली. खांडेकर त्या वेळी कोकणातल्या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. किनाऱ्यावरच्या एका खेडेगावातील शिक्षकाला चित्रपटसंस्थेने विश्वासाने बोलावून घ्यावे, ही गोष्ट आज साधी वाटेल. पण कथा म्हणजे पुराणातून उचललेला प्रसंग असे समीकरण रूढ असताना जिवंत लेखकाकडून सामाजिक कथा लिहवून घेणे हा निर्मात्याचा निर्णय होता आणि तो घेणाऱ्यांत बाबूराव होते. त्यानंतर आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' आले. पुढे नवयुग, मग न्यू हंस, असा बाबूरावांचा प्रवास चालूच राहिला. त्यांनी संस्था काढल्या, चालवल्या, सोडल्या आणि पुन्हा नव्या काढल्या. त्यांच्या कर्तृत्वाला एका जागेची अट नव्हती, कारण नट आपले भांडवल आपल्या अंगावर घेऊन फिरू शकतो.

भालजींना असे फिरणे मानवण्यासारखे नव्हते. 'कान्होपात्रा', 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा' अशा चित्रपटांनंतर चाळीसच्या दशकात त्यांनी कोल्हापूर सिनेटोनचा स्टुडिओ आपल्याकडे घेतला आणि त्याला 'जयप्रभा' हे नाव दिले. येथून पुढे त्यांची गोष्ट ही एका आवाराची गोष्ट होते. या आवारात कोण कोण घडले हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप ध्यानात येते. चंद्रकांत मांडरे हे मुळात चित्रकार वृत्तीचे गृहस्थ 'थोरातांची कमळा'मुळे नायक झाले होते. त्यांचे धाकटे बंधू सूर्यकांत 'बहिर्जी नाईक'मध्ये बाल शिवाजी म्हणून कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. आणि सुलोचनाबाईंना त्यांचे पडद्यावरील नाव आणि बोलण्याचे वळण भालजींकडूनच मिळाले. शुद्ध उच्चार, सकाळची वेळेवर हजेरी, घोड्यावर बसण्याचा आणि तलवार धरण्याचा सराव, वडीलधाऱ्यांपुढे वागण्याची रीत हे सगळे तेथे शिकवले जाई आणि त्यासाठी वेगळी शाळा काढलेली नव्हती. भालजींना सारे 'बाबा' म्हणत. हे संबोधन केवळ आदरापोटी आलेले नव्हते, त्यामागे पगार, जेवण, लग्नकार्य आणि आजारपण यांची जबाबदारी घेणारा माणूस होता. अशा व्यवस्थेत शिस्तीबरोबर धाकही असतो आणि मालकाच्या मतांना विरोध करणे कोणालाही सोपे नसते. ही बाजू लक्षात घेऊनही, खेड्यापाड्यांतून आलेल्या आणि शिक्षणाचा आधार नसलेल्या कलावंतांना त्या काळी दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते हे मान्य करावे लागते.

व्यवसायाच्या दृष्टीने भालजींनी याच काळात सर्वांत मोठी उडी घेतली. 1944 चा 'महारथी कर्ण' आणि 1946 चा 'वाल्मीकी' हे दोन्ही हिंदी चित्रपट होते. मराठी चित्रपटाचा बाजार मुंबई, पुणे आणि दक्षिण महाराष्ट्रापुरता मर्यादित, तर हिंदीचा देशभर पसरलेला. म्हणून मराठी निर्माते स्टुडिओचा खर्च भागवण्यासाठी हिंदीकडे वळत किंवा एकच कथा दोन्ही भाषांत चित्रित करून द्विभाषिक चित्रपट काढत. 'महारथी कर्ण'मध्ये पृथ्वीराज कपूर कर्ण झाले आणि दुर्गा खोटे कुंती. 'वाल्मीकी'त पृथ्वीराजांबरोबर शांता आपटे होत्या, तरुण राज कपूर नारद होते आणि बाबूराव पेंढारकरही होते. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर, म्हणजे चित्रीकरणापूर्वीच्या कोऱ्या फिल्मवर, सरकारचे नियंत्रण होते आणि प्रत्येक निर्मात्याला मोजून परवाने मिळत होते. अशा दिवसांत मुंबईचे नामांकित कलावंत कोल्हापुरात येऊन काम करतात, यावरून जयप्रभाची पत किती वाढली होती याची कल्पना येते.

ती पत 1948 मध्ये एका रात्रीत राखेत गेली. 30 जानेवारीला महात्मा गांधींची हत्या झाली आणि मारेकरी ब्राह्मण असल्याने त्यानंतर महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिण भागात, ब्राह्मणांच्या घरांवर आणि मालमत्तेवर हल्ले झाले. हिंदुत्ववादी विचारांशी भालजींची जवळीक सर्वश्रुत होती, त्यामुळे जमावाचा रोख जयप्रभाकडे वळला आणि स्टुडिओ जाळण्यात आला. या प्रसंगाचा अर्थ राजकीय इतिहासात एक आहे आणि चित्रपटव्यवसायाच्या इतिहासात आणखी एक आहे. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह ही एकच असते; तिच्यावरून प्रदर्शनासाठी हव्या तेवढ्या प्रती काढता येतात, पण निगेटिव्ह गेली की चित्रपट गेला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगीचाही धोका असलेली आणि पेटली की विझवणे अशक्य होणारी, असे. 'मीठभाकर' हा चित्रपट या आगीत नष्ट झाला. मंडप गेले, कपडेपट गेला, यंत्रसामग्री गेली आणि व्याज तेवढे वाढत राहिले.

भालजींनी 'मीठभाकर' पुन्हा चित्रित केला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात निर्मात्याच्या धैर्याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण आहे, आणि ते अधिक तपशिलाने पाहिले पाहिजे. नव्या चित्रपटासाठी कर्ज काढणे ही एक गोष्ट. पण जो चित्रपट एकदा पूर्ण झाला आहे, ज्याच्या प्रत्येक दृश्यावर पैसा आणि श्रम एकदा खर्च झाले आहेत, त्याच चित्रपटासाठी जळक्या आवारात पुन्हा भिंती उभारायच्या, त्याच नटांना त्याच कपड्यांत उभे करायचे आणि तेच संवाद तितक्याच ताजेपणाने म्हणवून घ्यायचे, ही वेगळीच गोष्ट आहे. नटाला दुसऱ्यांदा रडवणे अवघड नसते, पण ज्याचे छप्पर जळाले आहे अशा कामगाराला दुसऱ्यांदा तोच खिळा ठोकायला लावणे अवघड असते. भालजींनी हे साधले, कारण माणसे त्यांना सोडून गेली नाहीत. ती थांबली याचे कारण पगारात शोधून सापडणार नाही; आधीच्या वर्षांत जो संसार त्यांनी मांडला होता त्यात ते आहे. 'मीठभाकर' 1949 मध्ये पडद्यावर आला. याच वर्षी 'शिलंगणाचे सोने'ही आला.

जळितानंतरचे कर्ज मात्र भालजींच्या मानेवरून उतरले नाही. 1952 चा 'छत्रपती शिवाजी' त्यांनी मराठीत आणि हिंदीत मोठ्या इभ्रतीने काढला. चंद्रकांत शिवाजी झाले आणि मिर्झा राजे जयसिंगांच्या भूमिकेसाठी पृथ्वीराज कपूर पुन्हा आले. त्यानंतर 1954 मध्ये 'महाराणी येसूबाई' आणि 1956 मध्ये 'पावनखिंड' आला. या चित्रपटांतील इतिहासाचा कोकणाशी जवळचा संबंध आहे. येसूबाई या संगमेश्वराजवळच्या शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातल्या, संभाजीराजांना मोगलांनी 1689 मध्ये संगमेश्वरातच पकडले, आणि बाजीप्रभूंनी 1660 मध्ये जी वाट अडवून धरली ती विशाळगडाकडे, म्हणजे सह्याद्रीच्या त्या धारेकडे जाते जिच्या पलीकडे कोकण उतरते. भालजींनी हा प्रदेश अभ्यासाने जाणला होता आणि शक्य तेथे ते स्टुडिओबाहेर पडून खऱ्या माळांवर व गडांवर चित्रीकरण करत. तरीही त्यांच्या ऐतिहासिक चित्रपटांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांतील नायक जन्मतःच पूर्ण असतो, त्याला संशय पडत नाही, आणि शत्रू बहुधा कपटाचा पुतळा असतो. इतिहासातील माणसांना जे पेच पडले त्यांपैकी फार थोडे पडद्यावर येतात. येसूबाईंनी मोगलांच्या कैदेत काढलेली दीर्घ वर्षे हा केवढा गुंतागुंतीचा विषय आहे, याचा विचार केला तर भालजींच्या पद्धतीची मर्यादा कळते. त्यांना इतिहासातून प्रेरणा हवी होती, आणि प्रेरणेच्या हट्टापुढे चिकित्सा मागे पडली.

त्यांचे टिकाऊ काम ग्रामीण चित्रपटांत आहे, असे मत येथे नोंदवणे योग्य ठरेल. 'साधी माणसं' हा 1965 चा चित्रपट एका लोहार जोडप्याचा आहे. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांनी साकारलेले हे नवरा-बायको भात्याजवळ बसून काम करतात, तेव्हा कॅमेरा हातोड्याच्या लयीशी जमवून घेतो. लोखंड तापणे, ऐरणीवर येणे आणि घाव बसणे या क्रियांना घाई केली जात नाही. कष्टाचे काम पडद्यावर एवढ्या आदराने दाखवणारी दृश्ये मराठीत थोडी आहेत. जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत यांनी त्या दृश्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकले जाणारे गाणे दिले. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या भालजींच्या चारही चित्रपटांचे संगीत आनंदघनांचे आहे, आणि गीतकार म्हणून यांत जेथे 'योगेश' हे नाव येते तेथे ते खुद्द भालजींचे टोपणनाव आहे. 'मराठा तितुका मेळवावा'मध्ये चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर होते, तर कुस्तीच्या आखाड्यावरील 'तांबडी माती'तून 1969 मध्ये दादा कोंडके प्रथम पडद्यावर आले. 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या दोन्ही चित्रपटांना त्या त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. सत्तरीच्या उंबरठ्यावरील निर्मात्याने नव्या संगीतकाराला, नव्या गीतकाराला आणि नव्या विनोदी नटाला एकाच दशकात संधी द्यावी, यावरून त्याची नजर किती तरुण होती हे दिसते.

दरम्यान थोरल्या बंधूंची अभिनयकला शांतारामांच्या आणि अत्र्यांच्या चित्रपटांत पिकली होती. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त त्यांनी चिनी सेनानी उभा केला; 1954 च्या 'महात्मा फुले'त ते जोतीराव झाले आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले; 'दो आँखें बारह हाथ'मध्ये तुरुंगाचा वरिष्ठ अधिकारी त्यांनी इतक्या थोड्या हालचालींत रंगवला की त्या अधिकाऱ्याच्या मनातील अविश्वास आणि हळूहळू उपजणारी आस्था दोन्ही केवळ नजरेतून कळतात. 'चित्र आणि चरित्र' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी चित्रपटाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. 1967 मध्ये ते गेले. त्यांच्या आयुष्यात निर्मात्याचे काम नटाच्या कीर्तीखाली झाकले गेले, आणि भालजींच्या आयुष्यात ते दिग्दर्शकाच्या कीर्तीखाली.

कर्जाच्या ओझ्यापायी जयप्रभाची मालकी भालजींकडे राहिली नाही. तो स्टुडिओ लता मंगेशकरांकडे गेला, आणि भालजी मात्र तेथेच काम करत राहिले. मालक नसतानाही आवार त्यांचेच समजले जाई. 1981 मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यानंतर, त्यांनी 'गनिमी कावा' काढला. 1991 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा मराठीतील स्टुडिओ पद्धत मोडून अनेक वर्षे झाली होती, चित्रपट कंत्राटी पद्धतीने तयार होऊ लागले होते आणि नटाला दरमहा पगार देणारा निर्माता नावालाही उरला नव्हता. 26 नोव्हेंबर 1994 रोजी भालजींचे निधन झाले. पुढे जयप्रभाच्या जागेच्या विक्रीचा प्रश्न निघाला, तेव्हा कोल्हापुरातील चित्रपट व्यावसायिक आणि नागरिक रस्त्यावर उतरले; त्या जागेवर चित्रीकरणच झाले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती.